‘एमी’चा पत्ता एकच नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दूरचित्रवाणीच्या जागतिक पुरस्कारांवर आलेला सचित्र लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पाऊण पान द्यावे, याचे समाधान वाटले. मात्र लेखासोबतच्या चौकटीत ‘दिल्ली क्राइम’ ही भारतीय आणि ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका, अशी दोन नावे ‘एमी विजेते’ या एकाच मथळ्याखाली शेजारी शेजारी छापली आहेत आणि ‘१९४९ पासून जगभरातील मालिका या पुरस्कारासाठी स्पर्धा करत आल्या आहेत’ असे विधानही केले आहे. दोन्ही ठिकाणी गफलत झाली आहे. ‘दिल्ली क्राइम’ला मिळाला तो न्यू यॉर्कच्या आंतरराष्ट्रीय अकादमीचा पुरस्कार, ‘स्क्विड गेम’ला मिळाले ते लॉस एंजेलिसच्या टेलिव्हिजन अकादमीचे. संस्था निराळ्या, परीक्षक निराळे, प्रवेशाचे नियम निराळे. पुरस्काराच्या मूर्तीचे, म्हणजे बाहुलीचे, नाव तेवढे सारखे. चूक केवळ जुळणीची असती तर मी पत्राचा खटाटोप केला नसता. पण ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द प्रत्येक सोहळ्याने आपापल्या सोयीने वापरला आहे आणि तो कोणी, कधी, कशासाठी वापरला हे पाहिल्याखेरीज कुठल्याच बाहुलीचे खरे मोल ठरवता येत नाही, असे मला वाटते.

२५ जानेवारी १९४९ रोजी हॉलीवूड ॲथलेटिक क्लबात झालेला पहिला एमी सोहळा जगाचा तर सोडाच, धड अमेरिकेचाही नव्हता. लॉस एंजेलिस परिसरात तयार होणाऱ्या कार्यक्रमांपुरती ती स्पर्धा होती. तिकीट पाच डॉलरचे होते आणि पारितोषिके सगळी मिळून सहा. व्यक्तीला मिळालेले पहिले पारितोषिक शर्ली डिन्सडेल या तरुण शब्दभ्रमकार मुलीला, तिच्या ज्यूडी स्प्लिंटर्स नावाच्या बोलक्या बाहुलीच्या कार्यक्रमासाठी मिळाले. म्हणजे पहिली एमी बाहुली एका बाहुलीवालीच्याच हाती गेली. नावही असेच घरगुती. त्या काळच्या कॅमेऱ्यांत ‘इमेज ऑर्थिकॉन’ नावाची नळी असे, तिला तंत्रज्ञ लाडाने ‘इमी’ म्हणत आणि मूर्ती स्त्रीची असल्यामुळे ‘इमी’चे ‘एमी’ झाले. ती मूर्ती घडवणारे लुई मॅकमॅनस यांनी आपल्या पत्नीलाच समोर उभे केले होते. पंख कलेचे आणि हातातला अणू विज्ञानाचा, असा तिचा अर्थ सांगतात. हा सोहळा देशभर प्रक्षेपित होण्यासाठी १९५५ साल उजाडावे लागले. १९४९ हे वर्ष छापायला हरकत नाही, पण त्यापुढे ‘जगभरातील’ हा शब्द जोडता येत नाही.

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ज्या स्पर्धेला सर्वात आधी शोभतो, ती ‘प्री इतालिया’ पहिल्या एमी सोहळ्याच्याही चार महिने आधी, १९४८ मध्ये, काप्री बेटावर सुरू झाली होती. इटलीच्या ‘राई’ या प्रसारण संस्थेने पुढाकार घेतला होता आणि निमंत्रण होते ते वेगवेगळ्या देशांच्या नभोवाणी संस्थांना. महायुद्ध संपून तीन वर्षेच झाली होती. ज्या देशांच्या आकाशवाण्या कालपरवापर्यंत परस्परांविरुद्ध प्रचार करत होत्या, त्यांच्या माणसांनी एका खोलीत बसून एकमेकांची नाटके आणि संगीतिका ऐकायच्या, ही कल्पनाच त्या काळात धाडसाची होती. दूरचित्रवाणीचा विभाग तिथे १९५७ मध्ये उघडला. दरवर्षी इटलीतल्या कुठल्यातरी शहरात भरणाऱ्या या स्पर्धेत लाल गालिच्यापेक्षा बंद दालनातल्या बैठकींना अधिक महत्त्व आहे. आपल्या वृत्तपत्रांत तिचे नाव क्वचितच येते, त्याचे कारण बहुधा हेच असावे. बंद दालनाचे छायाचित्र कोण छापणार?

कार्यक्रम त्या दालनापर्यंत पोहोचवणे हीच पहिली अडचण होती, ही गोष्ट आज कुणाच्या लक्षातही येत नाही. दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांनी बनते आणि त्यांची संख्या देशोदेशी निराळी होती. ब्रिटनचे चित्र ४०५ रेषांचे, फ्रान्सचे ८१९ रेषांचे, युरोपातल्या बहुतेक देशांचे ६२५ रेषांचे आणि अमेरिकेचे ५२५ रेषांचे. चित्रफितीवर ध्वनिचित्रमुद्रण करणारे पहिले यशस्वी यंत्र १९५६ मध्ये आले, पण एका देशाची फीत दुसऱ्या देशाच्या यंत्रावर सरळ चालेल अशी सोय नव्हती. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे, दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून तो कार्यक्रम फिल्मवर उतरवून घेण्याचा मार्ग होता. उतरवलेल्या चित्रात राखाडी छटा मिसळून जात, कडा धूसर होत. साठच्या दशकाच्या अखेरीस रंग आल्यावर तर पॅल, सेकाम आणि एनटीएससी अशा तीन पद्धतींची नवी भिंत उभी राहिली. सीमा ओलांडायला पासपोर्टपेक्षा रेषांची संख्या जुळणे अधिक महत्त्वाचे होते, असे म्हटले तरी चालेल.

ही भिंत ओलांडणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे प्रसारण-अधिकारी मार्सेल बेझाँसों यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. युरोपीय प्रसारण संघ १९५० मध्ये स्थापन झाला. १९५४ च्या जूनमध्ये ‘युरोव्हिजन’ या त्याच्या प्रक्षेपण-जोडणीवरून अनेक देशांत एकाच वेळी पहिले प्रक्षेपण झाले, ते मोंत्रो या स्वित्झर्लंडमधील सरोवरकाठच्या गावातील नार्सिसस फुलांच्या उत्सवाचे. युरोव्हिजनच्या गीतस्पर्धेमागे बेझाँसों होते आणि १९६१ मध्ये त्याच मोंत्रोमध्ये ‘सोनेरी गुलाब’ हा मनोरंजनाच्या कार्यक्रमांचा पुरस्कार सुरू करणारेही तेच. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. उन्हाळ्यात सगळ्याच देशांच्या वाहिन्यांना हलकेफुलके कार्यक्रम हवे असत आणि प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे बनवायचे तर पैसा पुरत नसे. एकमेकांचे चांगले कार्यक्रम पाहावेत, आवडले तर घ्यावेत, या देवघेवीला स्पर्धेचे रूप मिळाले. गुलाब नंतर आला, बाजार आधी होता. यात लाजण्यासारखे काही नाही.

मोंत्रोच्या विजेत्यांची यादी पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. १९७७ चा सोनेरी गुलाब ‘द मपेट शो’ला, म्हणजे बाहुल्यांना मिळाला. १९९० चा मिळाला ‘मिस्टर बीन’ला. बीनच्या त्या पहिल्याच भागात समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग आहे. थोड्या अंतरावर एक गृहस्थ बसलेला आहे, त्याच्यादेखत पँट काढायची बीनला लाज वाटते, म्हणून तो पोहण्याची चड्डी पँटवरूनच चढवतो आणि मग आतली पँट ओढून काढण्यासाठी जी काही सर्कस करतो, ती संपेपर्यंत तो गृहस्थ उठतो, काळा चष्मा लावतो आणि पांढरी काठी टेकत निघून जातो. या सगळ्यात एक अक्षर बोलले जात नाही. परीक्षक मंडळात दहा भाषांची माणसे असतील तर दहाही जण एकाच क्षणी हसतील.

मी काही वर्षे परभाषेतील मालिकांना सबटायटल देण्याचे काम केले आहे, म्हणून या मुद्द्यावर थोडा रेंगाळतो. पडद्यावर एका वेळी दोन ओळी मावतात. प्रेक्षक त्या बोलण्यापेक्षा लवकर वाचतो. त्यामुळे नटाच्या तोंडून विनोद बाहेर पडण्याआधीच सभागृहात हशा होतो आणि नट जेव्हा खरोखर ते वाक्य उच्चारतो, तेव्हा शांतता असते. विराम देऊन, टोचून म्हटलेल्या वाक्याची अशी हत्या मी स्वतःच्या हाताने अनेकदा केली आहे. उपाय म्हणून मी ओळ दोन तुकड्यांत तोडून दुसरा तुकडा थोडा उशिरा आणत असे, पण तेवढी सवड प्रत्येक वाक्यात नसते. परभाषिकांच्या मंडळासमोर भाषेवर उभा असलेला विनोद पहिल्या फेरीतच लंगडा होतो आणि हातवारे, नाच, बाहुल्या व जादू पुढे सरकतात. १९७१ मध्ये ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेची मंडळी मोंत्रोला गेली, तेव्हा त्यांनीही आपल्या मालिकेतील निवडक प्रसंगांचा खास भाग तयार करून नेला होता; त्याला रुपेरी गुलाब मिळाला. सबब, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेला कार्यक्रम आपल्या देशातला सर्वोत्तम असतोच असे नाही. बऱ्याचदा तो प्रवासाला सर्वात सोयीचा असतो.

मोंत्रोचा पहिला सोनेरी गुलाब कोणाला मिळाला, हे मात्र आपल्या लेखकाने टाळले, की त्यांना ते सापडले नाही, कळत नाही. तो मिळाला बीबीसीच्या ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ला. यात गोरे गायक चेहऱ्याला काळा रंग फासून गाणी म्हणत. निरनिराळ्या देशांतून आलेल्या जाणत्या परीक्षकांनी १९६१ मध्ये त्याला सर्वोच्च मान दिला. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेने १९६७ मध्ये तो बंद करण्याची मागणी बीबीसीकडे केली, तरीही तो १९७८ पर्यंत चालू राहिला. परीक्षक अनेक देशांचे असले म्हणजे दृष्टी आपोआप विशाल होते असे आपण गृहीत धरतो. त्या वर्षीचा गुलाब हे गृहीतक मान्य करत नाही. कुठल्याही पुरस्काराचा इतिहास लिहिताना अशी वर्षे वगळली की उरतो तो फक्त जाहिरातीचा मजकूर.

त्याच १९६१ मध्ये मोनॅकोचे प्रिन्स रेनिये तृतीय यांनी मोंटे कार्लोचा दूरचित्रवाणी महोत्सव सुरू केला. १९५६ मधला त्यांचा आणि हॉलीवूडच्या अभिनेत्री ग्रेस केली यांचा विवाह अनेक देशांतल्या लोकांनी याच माध्यमातून पाहिला होता, त्यामुळे त्याची ताकद त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिथली ‘सोनेरी अप्सरा’ मोनॅकोतच जन्मलेल्या फ्रांस्वा-जोसेफ बोसियो या शिल्पकाराच्या सॅल्मॅसिस या ग्रीक पुराणातल्या अप्सरेच्या मूर्तीवर बेतलेली आहे. सोहळा, राजघराणे, तारे-तारका आणि छायाचित्रकार हे आज अविभाज्य वाटणारे मिश्रण युरोपात रुळवण्यात मोंटे कार्लोचा मोठा वाटा आहे. १९६४ मध्ये लोखंडी पडद्यापलीकडे ‘सोनेरी प्राग’ हा महोत्सव सुरू झाला. पूर्व युरोपच्या ‘इंटरव्हिजन’ या प्रक्षेपण-जोडणीला चार वर्षे झाली होती आणि पश्चिमेच्या गुलाबाला तिकडून काहीतरी उत्तर हवेच होते. १९६५ मध्ये जपानच्या ‘एनएचके’ने शैक्षणिक कार्यक्रमांसाठी ‘जपान प्राइझ’ चालू केले. कॅनडातील बॅन्फचा महोत्सव १९७९ चा, शांघायचा १९८६ चा, सिंगापूरचे आशियाई दूरचित्रवाणी पुरस्कार १९९६ चे. या सगळ्यांविषयी लिहायचे तर आपल्याला वेगळी पुरवणी काढावी लागेल.

यांतला एक मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. १९६४ मध्येच बव्हेरिया राज्य, म्युनिक शहर आणि तिथली प्रसारण संस्था यांनी मिळून मुलांच्या कार्यक्रमांसाठी ‘प्री जुनेस’ सुरू केला. तो दर दोन वर्षांनी भरतो. इथे पाच-सात जणांचे गुप्त मंडळ निर्णय देऊन मोकळे होत नाही. मुलांसाठी कार्यक्रम बनवणारी जमलेली मंडळी एकमेकांचे काम पाहतात, गटागटांत बसून त्यावर उघड चर्चा करतात आणि मग गुण देतात. ज्याचा कार्यक्रम नुकताच फाडून काढला गेला, तो माणूस त्याच दालनात बसलेला असू शकतो. बाहुली कोणाच्या हाती गेली याच्या बातमीपेक्षा अशा चर्चेचा वृत्तान्त वाचायला मिळाला तर मला अधिक आवडेल. अर्थात हा माझ्या धंद्याचा दोष असावा.

आता मूळ गोंधळाकडे वळतो. आंतरराष्ट्रीय अकादमी न्यू यॉर्कमध्ये १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार १९७३ चे. पुढे १९७७ मध्ये मूळ अमेरिकी अकादमीचीच फाळणी झाली आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांनी आपापला संसार थाटला. यामुळे आज ‘एमी’ हे नाव एकाहून अधिक संस्था वापरतात. आंतरराष्ट्रीय एमीच्या नियमात ‘आंतरराष्ट्रीय’ याचा मूळ अर्थ सरळ होता: अमेरिकेबाहेर तयार झालेले. म्हणजे ज्या देशात सोहळा होतो, तो देश वगळून उरलेले जग. विचार केला तर हे चमत्कारिक आहे, पण त्यामागे कारण होते. अमेरिकेच्या मालिका जगभर विकल्या जात होत्या आणि जगाच्या मालिका अमेरिकेत जवळपास दिसतच नव्हत्या. त्या निदान व्यावसायिकांच्या नजरेस पडाव्यात, यासाठी ही खिडकी उघडली गेली. नंतर अमेरिकेतच, पण इंग्रजीखेरीज अन्य भाषेत बनणाऱ्या कार्यक्रमांसाठीही तिथे एक विभाग काढावा लागला. भाषा परकी असली की घरातला माणूसही परदेशी ठरतो, असा त्याचा अर्थ लावायचा का?

या खिडकीतून काय काय आले, त्याचे एक उदाहरण देतो. रोज चालणाऱ्या मालिकांना जगभरची समीक्षा नाक मुरडते, पण २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय एमीने ‘टेलिनोव्हेला’ हा विभागच सुरू केला. पहिला मान जॉर्डनच्या, पॅलेस्टाइनमधील जेनिनच्या वेढ्यावरील ‘अल-इज्तियाह’ या मालिकेला मिळाला. दुसऱ्या वर्षी तो ब्राझीलच्या ‘कामिन्यो दास इंदियास’ला गेला, ज्यात भारतीय पात्रे साड्या-कुर्ते घालून अस्खलित पोर्तुगीज बोलतात. हा सन्मान भारताचा की ब्राझीलचा, असा प्रश्न कोणी विचारला असता तर नियमाचे उत्तर स्वच्छ होते: जिथे निर्मिती झाली त्याचा. ‘दिल्ली क्राइम’ला २३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोत्तम नाट्यमालिकेचा पुरस्कार मिळाला, तो याच परंपरेतला. भारतीय मालिकेला हा मान प्रथमच मिळत होता आणि महासाथीमुळे प्रेक्षागृहात प्रेक्षक नव्हते.

त्याच वर्षी त्याच अकादमीने न्यू यॉर्कचे तत्कालीन गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना, महासाथीच्या काळात ते रोज घेत असलेल्या पत्रकार परिषदांबद्दल, विशेष पुरस्कार दिला होता. पुढच्या ऑगस्टमध्ये लैंगिक छळाच्या आरोपांमुळे त्यांना पद सोडावे लागले आणि अकादमीने तो पुरस्कार परत घेतला. सत्तेवर असलेल्या माणसाला दूरचित्रवाणीवर चांगला दिसतो म्हणून गौरवण्यात काय धोका असतो, हे कळायला नऊ महिने लागले. ही बातमी आपल्याकडे फारशी छापली गेली नाही. पुरस्कार मिळाल्याची बातमी होते, काढून घेतल्याची होत नाही.

‘स्क्विड गेम’चा मार्ग निराळा. लॉस एंजेलिसच्या प्राइमटाइम एमीत परदेशी निर्मितीला प्रवेश नसतो. पण अमेरिकी भागीदारासह झालेल्या निर्मितीला असतो. कॅनडाची ‘शिट्स क्रीक’ २०२० मध्ये या दाराने आत गेली आणि विनोदी मालिकांच्या विभागातील सगळी सात प्रमुख पारितोषिके घेऊन बाहेर आली. संपूर्ण कोरियन भाषेतल्या ‘स्क्विड गेम’ने २०२२ मध्ये सहा पारितोषिके मिळवली, त्यांत अभिनयाचे ली जंग-जे यांना आणि दिग्दर्शनाचे ह्वांग डोंग-ह्युक यांना. २०२४ मध्ये बहुतांशी जपानीत बोलणाऱ्या ‘शोगुन’ला एकाच वर्षात अठरा मिळाली. ‘दिल्ली क्राइम’ आणि ‘स्क्विड गेम’ दोन्ही प्रेक्षकांनी नेटफ्लिक्स या एकाच मंचावर पाहिल्या, पण पुरस्काराच्या घरात शिरताना त्यांची दारे दोन झाली, कारण दार ठरते ते भाषेवरून नाही, प्रेक्षकांवरूनही नाही. निर्मितीचे कागदपत्र कुठे झाले यावरून. निर्मितीचा पैसा एका देशात, चित्रीकरण दुसऱ्या, भाषा तिसरीच आणि प्रदर्शन सगळीकडे एकाच मध्यरात्री, अशा काळात १९७३ चा ‘अमेरिकेबाहेरचे’ हा निकष किती दिवस टिकेल, याविषयी मला शंका आहे.

आपल्या लेखात गोल्डन ग्लोबचाही ‘आंतरराष्ट्रीय पत्रकारांचा पुरस्कार’ म्हणून गौरव आहे. दूरचित्रवाणीचा विभाग तिथे १९५६ पासून आहे आणि मत देणारे परदेशी वृत्तपत्रांचे प्रतिनिधी होते, हे खरेच. पण ते राहत लॉस एंजेलिस परिसरात आणि पाहत मुख्यतः अमेरिकी मालिका. मतदार परदेशी आणि माल देशी, हा आंतरराष्ट्रीय एमीच्या अगदी उलटा प्रकार. २०२१ मध्ये त्या संस्थेच्या ८७ सदस्यांत एकही कृष्णवर्णीय नसल्याचे उघड झाले, वाहिनीने पुढच्या वर्षी सोहळा दाखवण्यास नकार दिला आणि २०२२ चे पुरस्कार प्रक्षेपणाविनाच जाहीर झाले. याउलट अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या पीबडी पुरस्कारांच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ नाही, तरी इतर देशांच्या प्रवेशिका तिथे स्वीकारल्या जातात आणि परीक्षक मंडळाचे एकमत झाल्याशिवाय कुणालाच पुरस्कार मिळत नाही.

म्हणून एक विनंती. यापुढे अशी बातमी देताना विजेत्याच्या छायाचित्राखाली पुरस्कार देणारी संस्था, तिचे शहर आणि प्रवेशासाठी कोण पात्र होते, एवढे एका ओळीत द्यावे. पोशाखांचे वर्णन दोन ओळींनी कमी केले तरी जागा होईल. आणि त्या चौकटीची दुरुस्ती छापणार असाल, तर मजकूर असा असावा: ‘दिल्ली क्राइम’, आंतरराष्ट्रीय एमी, आंतरराष्ट्रीय अकादमी, न्यू यॉर्क, नोव्हेंबर २०२०, ‘स्क्विड गेम’, प्राइमटाइम एमी, टेलिव्हिजन अकादमी, लॉस एंजेलिस, सप्टेंबर २०२२. दोन्हींच्या मधोमध एक रेघ ओढावी.

आपला,
एक नियमित वाचक